दातांच्या डॉक्टरचं भेव: ते मोजतात कसं आणि आकडा काय सांगतो

विदर्भातल्या खेड्यात शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की पोरं वजनकाट्यावर चढायला ढकलाढकली करतात. डोळे तपासायच्या तक्त्यासमोर तर हौसेनं उभी राहतात. "आ कर" म्हटलं की मात्र रांग पातळ होते. कुणाला अचानक लघवीला लागते, कुणी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथकं शाळेत वर्षातून एकदा येतात आणि त्यांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. किडलेली दाढ दिसली की चिठ्ठी मिळते: पुढच्या दवाखान्यात दाखवा. चिठ्ठी दप्तरात जाते आणि बऱ्याचदा तिथेच राहते.

का गेला नाहीस, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली. बस नव्हती. बाबांची रोजी बुडते. आता दुखत नाही. आणि शेवटी, थोडं खालच्या आवाजात, "मले भेव लागते." यातली पहिली तीन कारणं मोजता येतात: अंतर किलोमीटरमध्ये, रोजी रुपयांत, दुखणं दिवसांत. चौथ्याला आकडा नाही. म्हणून ते एकतर हसण्यावारी जातं, नाहीतर सगळं खापर त्याच्यावरच फुटतं. "पोट्टं भित्रं आहे" म्हटलं की बस नाही, डॉक्टरची जागा रिकामी आहे, हे विषय आपोआप मिटतात. भीतीचा वाटा नेमका किती आणि बाकीच्याचा किती, हे वेगळं काढायचं तर भीतीही मोजावी लागते.

पण भीती म्हणजे नेमकं काय मोजायचं? मानसशास्त्रात इथे तीन गोष्टी वेगळ्या धरतात. समोर सुई दिसली आणि छातीत धस्स झालं, ती भीती. उद्या दवाखान्यात जायचंय म्हणून आज रात्री झोप नाही, ती चिंता. आणि गाल सुजलाय, ताप आलाय, तरी दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाववत नाही आणि असं सहा महिन्यांहून अधिक काळ चाललंय, तर तो फोबिया असू शकतो. फोबियाचं निदान प्रश्नावलीच्या बेरजेवरून होत नाही, त्यासाठी तज्ज्ञानं मुलाशी बोलावं लागतं. शाळेत जे मोजलं जातं ते बहुतेक पहिल्या दोघांचं मिश्रण असतं. त्यातही एक भेद आहे: खुर्चीत बसल्या क्षणी वाटणारी भीती वेगळी आणि स्वभावात मुरलेली वेगळी. पहिली दहा मिनिटांत उतरू शकते, दुसरी वर्षानुवर्षं टिकते. एकाच पट्टीनं दोन्ही मोजायला गेलं की गोंधळ होतो.

आता पट्ट्यांकडे, म्हणजे भीती मोजायच्या प्रश्नावल्यांकडे वळू. अमेरिकेत नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली चार प्रश्नांची पट्टी छापली. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसं वाटेल, बाहेर नंबर लावून बसल्यावर कसं वाटेल, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे बेरीज ४ ते २०. गंमत अशी की त्यात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता. ज्याला फक्त सुईचं भेव, त्याच्याबद्दल ही पट्टी मुकी. ब्रिटनमध्ये जेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिरडीतल्या भुलीच्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न जोडला. बेरीज झाली ५ ते २५, आणि १९ किंवा वर गेली तर भीती फार जास्त असं धरतात. पाचच प्रश्न असल्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना ही सुधारित पट्टी दोन-तीन मिनिटांत भरता येते.

लहान मुलांसाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती १९८२ सालची कथबर्ट आणि मेलामेड यांची पंधरा कलमी पट्टी, संशोधकांच्या बोलीत सीएफएसएस-डीएस. तिच्यात ड्रिलबद्दल, म्हणजे दात कोरायच्या मशीनबद्दल, एक नाही, तीन कलमं आहेत: मशीन दातावर चालणं, ती चालताना दिसणं आणि तिचा आवाज. इंजेक्शन आहे, तोंडात अवजारं घालणं आहे, गुदमरणं आहे. शिवाय दातांशी थेट संबंध नसलेल्या गोष्टीही आहेत: अनोळखी माणसानं हात लावणं, कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघणं, पांढऱ्या कपड्यातली माणसं, हॉस्पिटलात जाणं. प्रत्येक कलमाला "अजिबात भीती नाही" याला एक गुण आणि "फार फार भीती" याला पाच. बेरीज १५ ते ७५. बऱ्याच अभ्यासांत ३८ आणि त्यावर असलेलं मूल घाबरणारं समजतात.

इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण बेरजेत बरंच काही लपतं. समजा राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत दोन मुली आहेत. पहिलीनं पंधराही कलमांना दोन गुण दिले, म्हणजे सगळ्याचीच थोडी थोडी धास्ती. बेरीज ३०. दुसरीनं इंजेक्शनला पाच आणि ड्रिलच्या तिन्ही कलमांना पाच-पाच दिले, उरलेल्या अकराला एक-एक. बेरीज ३१. कागदावर दोघी जवळजवळ सारख्या, दोघी ३८ च्या खाली, म्हणजे "ठीक आहे" या खान्यात. प्रत्यक्षात पहिली थोडं चुळबुळत सगळं करून घेईल. दुसरीचा दात काढायची किंवा भरायची वेळ आली तर ती खुर्चीतून उठून पळेल, कारण तिची भीती नेमकी तिथेच एकवटली आहे. म्हणून मला वाटतं, डॉक्टरच्या हातात नुसती बेरीज देण्यात फारसा अर्थ नाही. कुठल्या कलमाला पाच आहेत, ते लिहून द्या.

तो ३८ चा आकडाही कुणी आकाशातून आणलेला नाही. स्वीडनसारख्या देशांतल्या मुलांवरच्या अभ्यासांतून तो रूढ झाला. तिथे मुलांचे दात सरकारी खर्चानं नियमित तपासले जातात. तिथल्या दहा वर्षांच्या मुलाला दातांची खुर्ची म्हणजे काय हे ठाऊक असतं. उंबरठा खाली आणला तर घाबरणारं मूल सहसा सुटत नाही, पण न घाबरणारी बरीच मुलंही यादीत येतात. वर नेला तर यादी छोटी आणि नेमकी होते, पण काही घाबरलेली मुलं बाहेर राहतात. कुठे आखायची रेघ, हे त्या त्या ठिकाणी मोजून ठरवायचं काम आहे. गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा मेळघाटातल्या धारणीच्या आश्रमशाळेत स्वीडनची रेघ जशीच्या तशी लावणं म्हणजे आळस.

आणि इथेच ग्रामीण विदर्भातला सगळ्यात मोठा अडसर येतो. यातली पुष्कळ मुलं दातांच्या डॉक्टरकडे कधी गेलेलीच नसतात. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीला दंत महाविद्यालय आहे, पण मेळघाटातल्या किंवा सिरोंच्याकडच्या पोराला दोन्ही सारखीच लांब. ज्यानं ड्रिलचा आवाज ऐकलाच नाही, त्याला "ड्रिलच्या आवाजाची किती भीती?" विचारलं तर तो काय मोजून सांगतो? त्यानं ऐकलेली गोष्ट. दाढ काढताना पक्कड घसरली, रक्त थांबेना, दाढ काढली म्हणून डोळे गेले, अशा गोष्टी पारावर कमी नाहीत. मानसशास्त्रज्ञ रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीती मनात शिरायच्या तीन वाटा मांडल्या: स्वतःवर आलेला प्रसंग, दुसऱ्याला घाबरताना पाहणं आणि कानावर आलेली माहिती. आपल्या गावातल्या मुलांत दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेनं आलेली भीती जास्त असणार, हे समजायला मोठा अभ्यास लागत नाही. ही भीती खोटी नसते, मुलाची छाती खरीच धडधडते. पण तिचा उपाय वेगळा. प्रसंगातून बसलेली भीती उतरायला कित्येक बऱ्या भेटी लागतात, ऐकीव भीती कधी कधी एका नीट भेटीत निम्मी होते.

तेव्हा प्रश्नावलीच्या आधी तीन साधे प्रश्न विचारायला हवेत: तू दातांच्या डॉक्टरकडे कधी गेला होतास का? तिथे काय केलं? घरी कुणाचा दात काढला तेव्हा तू बरोबर होतास का? ज्या पाहणीत हे विचारलेलं नाही, तिच्या सरासरीवर मी तरी फार विसंबणार नाही.

आता दुसरी गुंतागुंत, आणि ती तर खास आपल्याकडचीच. "तोंड उघडायची भीती वाटते का?", "तोंडात कुणी तपासून पाहिलं तर?", "कुणी तुझ्याकडे बघितलं तर?" ही कलमं मुळात उपचाराच्या भीतीसाठी आहेत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात आणि ती हसताना ओठ मिटून हसतात. अशा मुलीनं "कुणी तोंडात बघितलं तर" याला पाच गुण दिले, तर ती भीती की लाज? दुसरं उदाहरण खर्र्याचं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेली ती पुडी दहावीच्या पोरांच्या खिशातही सापडते. खर्रा खाणाऱ्या पोराला तोंड उघडायचं भेव असतं ते सुईचं नाही, सरांना आणि घरी कळेल याचं. काहींचं तर तोंडच नीट उघडत नाही, कारण सुपारीनं गालाच्या आतली कातडी आखडत गेलेली असते. तो म्हणतो तोंड उघडायला त्रास होतो, पट्टी त्याची नोंद भीती म्हणून करते. बेरजेत लाज, लपवाछपवी आणि आजार हे तिघंही भीतीच्या नावावर चढतात.

यावरून मोजमापातल्या दोन गुणांचा फरक समजतो. एक म्हणजे पट्टी दरवेळी सारखं उत्तर देते का. त्यासाठी त्याच मुलांना पंधरवड्यानं पुन्हा विचारतात, आणि पंधराही कलमं एकमेकांशी किती जुळतात याचा एक निर्देशांक काढतात. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा अल्फा ०.७ च्या वर असला की सहसा बरं मानतात. दुसरं म्हणजे पट्टी जे मोजायचं तेच मोजते का. कापूस खरेदीला गावात येणारा एखादा काटा प्रत्येक गाठोड्याला बरोबर दोन किलो कमी दाखवतो. दहादा ठेवा, दहादा तेच. सातत्यात त्याला शंभर पैकी शंभर, खरेपणात शून्य. अल्फा ०.९ आला म्हणून छाती फुगवणारे अहवाल वाचताना हा काटा आठवावा.

खरेपणा तपासायचा तर पट्टीच्या आकड्याची दुसऱ्या कशाशी तरी गाठ घालावी लागते. घाबरलेलं मूल कसं वागतं, ही एक कसोटी. १९६२ पासून दवाखान्यांत फ्रँकल यांची चार पायऱ्यांची नोंद चालते: अगदी नकार, थोडा नकार, सहकार्य, आनंदानं सहकार्य. नोंद डॉक्टर किंवा नर्स करते, मुलाला काही विचारत नाहीत. सोपी आहे, पण ती भीती मोजत नाही, वागणं मोजते. वसतिगृहातली मुलं मोठ्या माणसासमोर गप्प बसायला शिकलेली असतात. डॉक्टरनं "तोंड उघड" म्हटलं की उघडतात, डोळ्यांतून पाणी येतं, आवाज नाही. फ्रँकलच्या तक्त्यावर ते "सहकार्य". उलट कुणी पोरगं नुसतं हट्टानं हातपाय झाडतं, त्याला भीती कमी आणि कंटाळा जास्त. पुढच्या भेटीला गप्प बसलेलं मूल येत नाही आणि सगळ्यांना नवल वाटतं.

दुसरी कसोटी शरीराची. नाडी, घाम, लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक. करोनात आशाताईंकडे आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नाडीही दाखवतं, म्हणून हे स्वस्त वाटतं. पण उन्हात दोन किलोमीटर चालून आलेल्या पोराची नाडी तशीही चढलेली असते. त्याला आधी दहा मिनिटं सावलीत बसवायला हवं. कॉर्टिसोल सकाळी नैसर्गिकरीत्याच जास्त असतं, त्यामुळे नऊ वाजता घेतलेली लाळ आणि दुपारी तीनला घेतलेली लाळ यांची तुलना चालत नाही. आणखी एक फसवी गोष्ट: सुईच्या आणि रक्ताच्या भीतीत काही मुलांची नाडी आधी वर जाते आणि मग एकदम खाली येते, रक्तदाब पडतो, भोवळ येते. नेमक्या त्या क्षणी यंत्र पाहिलं तर सगळ्यात घाबरलेलं मूल सगळ्यात शांत दिसेल.

अक्षरओळख कच्ची असलेल्या मुलांसाठी चित्रं आहेत. व्हेनहॅम यांच्या चाचणीत चित्रांच्या आठ जोड्या असतात, प्रत्येक जोडीत एक धीट आणि एक घाबरलेलं मूल. आपण त्यातलं कोण, हे बोट ठेवून सांगायचं. यातली सगळी चित्रं मुलग्यांची, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली आलेल्या चेहऱ्यांच्या पट्टीत पाचच चेहरे, खूप हसऱ्यापासून खूप रडव्यापर्यंत. ती अर्ध्या मिनिटात होते, पण सांगते फक्त त्या घटकेची भीती. भारतात बालदंतवैद्यांनी २०१५ मध्ये रेखाटलेल्या चेहऱ्यांऐवजी मुलांचे खरे फोटो वापरलेली पट्टी आणली, मुलग्यांसाठी वेगळी, मुलींसाठी वेगळी. पहिली-दुसरीच्या वर्गात मी असलीच एखादी पट्टी नेईन.

शब्दांच्या पट्ट्या मराठीत आणायच्या तर एकानं मराठी करायचं, ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं, ही रूढ पद्धत आहे. ती आवश्यक आहे, पण पुरी पडत नाही. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी प्रश्न वाचता येतो म्हणजे तो कळतोच असं नाही. पाच-सात मुलांना जवळ बसवून "हा प्रश्न तुझ्या शब्दांत सांग" असं विचारलं की कुठे घोळ आहे ते लगेच दिसतं.

विचारायचं कसं, यावर मात्र सगळं अवलंबून आहे आणि अहवालात याला बहुतेक एक ओळ मिळते. वर्गात सरांनी मोठ्यानं प्रश्न वाचायचा आणि मुलांनी कागदावर खूण करायची, असं केलं तर मागच्या बाकावरची पोरं पुढच्याचं बघून भरतात. आठवीच्या पुढचे मुलगे तर चारचौघांत "फार भीती" लिहिणारच नाहीत, मुली हसतील ना. म्हणून एकेकाला बाजूला, व्हरांड्यात बसवावं, विचारणारा शाळेतला नसावा आणि त्याच्या अंगात पांढरा कोट नसावा, कारण पांढरे कपडे हे त्या पंधरातलं एक कलमच आहे. बापाकडून भरून घेतलेलं आणि मुलानं स्वतः भरलेलं जुळत नाही, तेव्हा दोन्ही घेतले तर वेगवेगळे ठेवावेत. आश्रमशाळेत आईबाप नसतातच, आणि अधीक्षकांना शंभर पोरांपैकी कोण रात्री दाढ धरून रडतो ते ठाऊक असतंच असं नाही.

दिवसही निवडावा लागतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, मेळघाटातली कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, तेव्हा पटावर साठ आणि वर्गात पस्तीस. जी मुलं त्या दिवशी नाहीत, त्यांचीच चिठ्ठी दप्तरात पडून राहण्याची शक्यता जास्त. दवाखान्यात आलेल्या मुलांनाच मोजलं तर आणखी वेगळं चित्र येतं, कारण भीतीनं घरी राहिलेला तिथे येणारच नाही.

परवानगीचंही सांगायला हवं. अभ्यास म्हणून मोजायचं असेल तर आईवडिलांची लेखी संमती लागते. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नियमांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही घ्यावा लागतो. मुख्याध्यापकांची सही म्हणजे मुलाची संमती नव्हे. मूल नाही म्हणालं तर तिथेच थांबायचं.

मोजून झाल्यावर आकडा फाइलीत गेला तर सगळी मेहनत वाया. त्याचा उपयोग दवाखान्याच्या दाराशी आहे. चिठ्ठीवर "दाढ किडलेली" याच्या खाली एक ओळ वाढवता येते: "आधी कधी गेलेला नाही. सुईची भीती ५, ड्रिलच्या आवाजाची ५, बाकी ठीक." हे वाचलेला डॉक्टर पहिल्या दिवशी सुई काढणार नाही. तो आधी आरसा दाखवेल, मशीन नखावर फिरवून आवाज ऐकवेल, मग तोंडात नेईल. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही रीत अमेरिकेतल्या ॲडल्स्टन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि बालदंतवैद्य आजही पहिल्यांदा तीच शिकतात. भुलीची जेल आधी लावली की सुई कमी टोचते. डावा हात वर केला की मी थांबेन, असं ठरवून दिलं आणि पहिल्यांदा हात वर झाल्यावर डॉक्टर खरंच थांबला, तर मुलाचा जीव बराच खाली येतो. ज्याच्या चिठ्ठीवर "तोंड दाखवायला ५, सुईला १" लिहिलंय, त्याला यातलं काहीच नको. त्याला हवं आहे दार लोटून घेणं, आणि सोबत आलेल्या सरांना बाहेर बसवणं.